लडाखला निघताना

लडाखला जाऊन आल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग पडले आहेत. पहिला वर्ग फोटो पाहून "अगबाई, पाणी किती निळं हो!" म्हणणाऱ्यांचा. त्यांची बोळवण चहा-पोह्यांवर होते. दुसरा वर्ग वही-पेन घेऊनच येतो. "आम्हीही येत्या जूनमध्ये जायचं म्हणतोय. काय काय न्यायचं तेवढं सांगा!" या वर्गासाठी मला अर्धी दुपार राखून ठेवावी लागते. कारण त्यांना हवी असते यादी, आणि मला जे सांगायचे असते ते यादीत बसत नाही.

यादी हा आपल्या लोकांचा मोठा जिव्हाळ्याचा विषय. माणूस दोन दिवस महाबळेश्वरला निघाला तरी नेलकटरपासून अमृतांजनापर्यंत सगळे कागदावर आल्याशिवाय त्याला झोप येत नाही. आमच्या घरीही तेच झाले. लडाखचे नक्की झाले त्याच रात्री यांनी संगणकावर तक्ता मांडला. (हे बँकेतून निवृत्त झाले, पण यांचे तक्ते काही निवृत्त झाले नाहीत.) मी माझ्या परीने मेतकूट, भाजणी, लिंबाचे लोणचे आणि सुंठ-गूळ यांची जमवाजमव सुरू केली. आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षे एकवीस, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि धावायचे बूट एवढेच लिहून यादी संपवली. वन्संनी तर काहीच लिहिले नाही. "मला काय लागतंय? दोन ड्रेस आणि एक शाल," एवढेच म्हणाल्या.

आणि खरे तर हा सगळा घाट वन्संसाठीच होता.

वन्संचे यजमान सैन्यात होते. सिग्नलच्या तुकडीत. सत्तरच्या दशकात त्यांची दोन वर्षे लडाखला गेली. वन्सं तेव्हा साताऱ्याला सासरी. तिकडून येणाऱ्या पत्रांत थंडीचे आणि पँगाँग तलावाच्या निळ्या रंगाचे वर्णन असायचे, आणि शेवटी ठरलेले वाक्य: एकदा तुला घेऊन येईन. पुढे बदल्या झाल्या, मुलांच्या शाळा आल्या, घराचे कर्ज आले, मग त्यांचे गुडघे आले. चार वर्षांमागे तेही गेले. वन्सं त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण एकदा दूरदर्शनवर तो तलाव दाखवत होते तेव्हा हातातली भाजी तशीच धरून त्या पाच मिनिटे उभ्या राहिल्या, ते यांनी पाहिले. त्याच आठवड्यात हे म्हणाले, "ताईला नेऊन आणू या."

वन्संचे वय सहासष्ट. त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी होती ती वन्संची. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्या चिरंजीवांची काळजी करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आता थोडे उंचीचे गणित सांगते. नाही तर पुढचे कळायचे नाही. आमचे पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेअठराशे फुटांवर. महाराष्ट्राचे सर्वांत उंच टोक कळसूबाई, ते ५,४०० फूट. आणि लेह गाव, जिथे बाजार आहे, शाळा आहेत, जिथे लोक सकाळी दूध आणायला जातात, ते ११,५०० फुटांवर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह वरच राहते! तिथल्या हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते असे आपण म्हणतो. ते तितकेसे बरोबर नाही. प्रमाण इथे शेकडा २१, तिथेही २१. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे एका श्वासात जेवढे पदरात पडायचे तेवढे पडत नाही. खारदुंग किंवा चांग खिंडीत, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास, ते निम्म्यावर येते.

शरीर बिचारे गप्प बसत नाही. ते श्वास जलद करते. पण जलद श्वासाने रक्तातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल आम्लाकडून अल्काकडे झुकतो, आणि श्वसनाचे केंद्र म्हणते, "पुरे, आता हळू घ्या." हा तंटा मिटवायचे काम मूत्रपिंडांकडे असते. ती जादा अल्क बाहेर टाकतात आणि हिशेब जुळवून देतात. पण त्यांना त्याला दोन-तीन दिवस लागतात. सरकारी कचेरीतल्या टेबलासारखे आहे ते. वशिला चालत नाही, व्यायामाचा तर मुळीच नाही. जोर-बैठका काढणाऱ्याची मूत्रपिंडे अधिक चपळ असतात असे काही नाही.

हे सगळे मला आमच्या डॉक्टरांनी समजावून दिले, आणि ते ऐकल्यावरच मी त्या सहल कंपनीच्या माणसाशी भांडू शकले. त्याने आणलेला कार्यक्रम असा होता: पहिल्या दिवशी लेहला उतरा, दुसऱ्या दिवशी गोम्पा पाहा, तिसऱ्या दिवशी खारदुंगवरून नुब्रा, चौथ्या दिवशी पँगाँग आणि रात्रीचा मुक्काम तंबूत, पाचव्या दिवशी परत, सहाव्या दिवशी विमान. "पैसा वसूल आहे, काकू!" तो म्हणाला. मी त्याला विचारले, "आपल्या सैन्यात काय पद्धत आहे ठाऊक आहे का हो?" वन्संनी ती मला सांगितली होती. त्यांच्या यजमानांच्या तोंडून त्यांनी ती शंभरदा ऐकलेली. खालून आलेल्या जवानाला ९ ते १२ हजार फुटांच्या पट्ट्यात आधी सहा दिवस ठेवतात. त्यातले पहिले दोन दिवस जवळजवळ नुसती विश्रांती. मग हळूहळू चालणे. १२ ते १५ हजारांच्या पट्ट्यात जायचे तर आणखी चार दिवस, आणि त्याच्याही वर जायचे तर पुन्हा चार. विशी-पंचविशीतल्या, कसलेल्या शरीराच्या जवानासाठी हा नियम. आणि आमच्यासारख्या वरण-भात खाणाऱ्यांना तुम्ही चौथ्या रात्री १४,००० फुटांवर झोपवणार?

हा नियम काही कोणाच्या डोक्यातून सहज निघालेला नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपल्या जवानांना घाईघाईने विमानातून वर पोचवावे लागले आणि पुष्कळजण गोळी न लागता आडवे झाले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराविषयी जगात आज जे ज्ञान आहे त्यात त्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

शेवटी आम्ही कंपनीचा नाद सोडला आणि नऊ रात्रींचा बेत स्वतः आखला. पहिल्या तीन रात्री लेहमध्येच. मग नुब्राच्या खोऱ्यात दोन. नुब्रा लेहपेक्षा थोडी खालीच आहे, फक्त मधली खिंड उंच. पँगाँगला मुक्काम न करता पहाटे निघून रात्री परत. चढावे उंच, झोपावे खाली. आणि शेवटी चक्क दोन दिवस रिकामे. यांच्या तक्त्यात त्या दोन चौकोनांत काहीच नव्हते, म्हणून यांना राहवेना. रोज त्यात काहीतरी भरायला बघायचे. मी रोज पुसायची. लडाखच्या सामानात सर्वांत मोलाची वस्तू कोणती म्हणाल, तर हे दोन रिकामे चौकोन. त्यांना वजन नसते, पण बहुतेकांच्या बॅगेत तेवढेच मावत नाहीत.

ज्यांना वेळ आहे त्यांनी श्रीनगरहून मोटारीने जावे हे उत्तम. सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता आहे, वाटेत कारगिलला, ८,८०० फुटांवर, मुक्काम होतो आणि शरीराला पायरी-पायरीने चढता येते. मनालीच्या रस्त्याने जाणारे वाटेत सरचूला १४,००० फुटांवर झोपतात आणि रात्रभर डोके धरून बसतात. तो रस्ता जाताना नको, येताना घ्यावा.

डॉक्टरांकडे मात्र चौघांनीही जावे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला पुढे करून बाकीच्यांनी बाहेर मासिके चाळत बसू नये. रक्तदाब, हृदय, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्यावे. डायमॉक्स नावाची गोळी पुष्कळजण निघायच्या आदल्या दिवसापासून घेतात. ती मूत्रपिंडांच्या त्या टेबलावरचे काम लवकर हलवते. पण ती डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर आधी तसे सांगावेच. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. यांना हे ठाऊक असूनही पहिल्या मुंगीला "अर्धांगवायू तर नाही ना?" म्हणून मला रात्री दोन वाजता उठवले. ते असो. झोपेची गोळी आणि मद्य, दोन्ही पहिले दिवस वर्ज्य. रात्री श्वास आधीच अडखळत असतो, त्याला आणखी मंद करू नये.

कापराच्या पुरचुंडीविषयी मला सगळे विचारतात. वन्संनीही नेली होती. वास घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि मनाला बरे वाटते. प्राणवायू त्याने काडीइतकाही वाढत नाही. फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणारा प्राणवायूही काही मिनिटांपुरताच. तो मारून कोणी वर चढायला निघाला तर ते विस्तवावर फुंकर घालून पावसात निघण्यासारखे आहे. आणि २०२० च्या साथीत घरोघर आलेले ते बोटाला लावायचे यंत्र! ते न्यावे, पण त्याच्याशी खेळू नये. लेहमध्ये पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचाही आकडा पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात दिसू शकतो. आमच्याकडे त्याची शर्यत लागली. वन्संचे ८९ आणि यांचे ८६ आले, तेव्हा हे तासभर बोलेनासे झाले.

बाकी सामानाचे चटकन सांगते. कपडे केळीच्या गाभ्यासारखे पदरापदरांचे असावेत. एकच जाडजूड कोट काही कामाचा नाही. जूनमध्ये दुपारी उन्हाने भाजते आणि सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत दात वाजू लागतात. काळा चष्मा आणि टोपी हवीच. हवा इतकी कोरडी, की वर्षाचा सगळा पाऊस मिळून चार इंचांच्या आसपास. ओठ, टाचा, नाकाची आतली कातडी, सगळे उलते. त्याला आमच्या माहेरचे कोकमाचे तेल जितके उपयोगी पडले तितके बाजारातले काहीही पडले नाही. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, पोस्टपेड न्यावे. लेहबाहेर रोख पैसे लागतात. ओळखपत्राच्या चार प्रती जवळ ठेवाव्या. सीमेकडच्या भागातल्या परवान्यांचे नियम अधूनमधून बदलतात, ते निघण्यापूर्वी लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावे. चिवड्याची सीलबंद पाकिटे तिथे पुरीसारखी टम्म फुगतात; घाबरू नये. आणि मऊ भात, खिचडी यांवर भिस्त असेल तर कुकर आहे का ते आधी विचारावे. लेहला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे नुसत्या पातेल्यात डाळ शिजत म्हणून नाही.

एवढे सगळे झाले तरी माझ्या मनाला एक गोष्ट खात होती. डॉक्टर म्हणाले होते, "डोकेदुखी लपवू नका. त्यातच माणसं फसतात." आणि मला आमचे घर ठाऊक होते. आमच्या घरात दुखणे सांगायची पद्धतच नाही. वन्संनी पित्ताशयाचे दुखणे लेकीच्या लग्नापायी दीड महिना दडवले होते. यांचा दात दिवाळीत ठणकला तर हे चकली चघळत हसत बसले. "माझ्यामुळे इतरांचा खोळंबा नको" हे आपल्या मध्यमवर्गी घरांतले ब्रीदवाक्यच आहे, आणि खाली ते शोभतेही. लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, पाहुण्यांच्या गर्दीत त्यावरच आपले निभावते. साडेअकरा हजार फुटांवर मात्र तोच भिडस्तपणा जिवावर उठू शकतो. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर विश्रांतीने उतरते. ती दडवून माणूस आणखी वर गेला, तर फुप्फुसात पाणी भरते किंवा मेंदूला सूज येते. मग बसल्या जागी धाप लागते, खोकला सुटतो, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येत नाही. त्यावर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरवणे आणि डॉक्टर गाठणे.

म्हणून निघायच्या आठ दिवस आधी मी सगळ्यांना जेवणानंतर बसवले आणि विजेच्या बिलाच्या पाठीमागे एक करारनामा लिहिला. रोज सकाळी आणि रात्री प्रत्येकाने विचारल्यावर खरे सांगायचे: डोके, भूक, झोप. कोणाला बरे नसेल तर तो वर जाणार नाही, आणि त्याच्याजवळ एकजण थांबेल, उरलेले जातील. आणि तिसरे कलम मी ठसठशीत लिहिले: ज्याच्यामुळे बेत मोडेल त्याला त्याबद्दल कोणी, केव्हाही, थट्टेतसुद्धा, बोलून दाखवणार नाही. चौघांनी सह्या केल्या. चिरंजीव हसत होते. "आई, हे आत्यासाठी आहे हे सरळ सांग ना!" वन्संनी चष्मा लावून तिन्ही कलमे वाचली आणि सही करताना म्हणाल्या, "हे लग्नात लिहून घ्यायला हवं होतं."

दिल्लीहून सकाळचे विमान निघते ते सव्वा तासात लेहला टेकते. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन इथे पहिले डाकोटा उतरवले, तेव्हा धावपट्टी म्हणजे सिंधूकाठची सपाट केलेली वाळू-माती होती. ती सोनम नोरबू नावाच्या लडाखी अभियंत्याने तयार करून घेतली होती. आज त्याच गावात त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे. माणसांना एकदम वर आणणारी धावपट्टी आणि त्यामुळे आजारी पडलेल्यांना बरे करणारे रुग्णालय, दोन्हींशी एकच नाव जोडलेले! त्या रुग्णालयाशी आपली ओळख होणार आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

विमानातून उतरल्यावर माणसाला फार छान वाटते. हीच खरी मेख. आजार लगेच येत नाही, काही तासांनी येतो. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाईंनी "जुले" म्हणून स्वागत केले, लोण्याचा खारट चहा दिला (चहा समजून प्यायला तर घशाखाली उतरत नाही, सूप समजून प्यायला तर दुसरा पेला मागावासा वाटतो) आणि हिंदीत हुकूम सोडला, "आज सिर्फ सोना." आम्ही तिघे शहाण्यासारखे आडवे झालो. चिरंजीव "जरा गल्लीत जाऊन येतो" म्हणून गेले ते शांती स्तूपाच्या साऱ्या पायऱ्या चढून सूर्यास्ताचे फोटो घेऊन आले.

रात्री विचारले तर म्हणाला, "झकास आहे." सकाळी विचारले, "झकास." दुसऱ्या दिवशी रात्रीही तेच. मालकीणबाईंनी आमच्यासाठी कुकरमध्ये मऊ भात लावला होता. त्यावर तूप-मेतकूट घालून वन्संनीच सगळ्यांना वाढले. जेवण झाल्यावर वन्सं ताटे गोळा करायला उठल्या, आणि त्याच्या ताटाशी थांबल्या. भात चिवडला होता, पण ताटातच होता.

"काय रे, मेतकूट-भात टाकलास तू?"

"भूक नाहीये ग आत्या. दुपारी जास्त झालं."

वन्सं त्याच्याजवळ बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "डोकं कधीपासून दुखतंय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काल रात्रीपासून." आणि लगेच, "पण आत्या, परवा नुब्रा आहे, नंतर पँगाँग. माझ्यामुळे तुझं राहायला नको." एवढे बोलला आणि उठून मोरीकडे धावला. ओकारी झाली.

साडेनऊ वाजता आम्ही रुग्णालयात होतो. तिथल्या तरुण डॉक्टरणीला यात नवे काही नव्हते. तिने छाती तपासली, त्याला फरशीवरच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल ठेवून चालायला लावले. तो नीट चालला. त्या चार पावलांत मी किती नवस बोलले ते माझे मला ठाऊक! मग प्राणवायू लावला, औषध दिले, आणि आम्हाला बजावले: आज वेळेवर आलात, बरा होईल; पण तब्येत पूर्ण साफ होईपर्यंत लेहच्या वर एक फूटही जायचे नाही. शेजारच्या खाटेवर बंगलोरकडचा एक तरणाताठा मोटारसायकलवाला होता, पलीकडे दिल्लीची नवी नवरी. खोलीभर नजर फिरवली, त्यात वन्संच्या वयाचे एकही माणूस नव्हते. म्हातारी माणसे गोम्पाच्या तीन पायऱ्या चढून बसतात. धावतात ती ही.

नुब्रा रद्द झाली. तिथल्या दोन खोल्यांचे आगाऊ दिलेले पैसे गेले. यांनी तक्त्यात तो आकडा लाल केला आणि तोंडातून अक्षर काढले नाही. तिसऱ्या कलमाचे ते पहिले यश. पुढचे दिवस आम्ही लेहमध्येच काढले. बाजारात फुटपाथवर बसून बायका ताजी भाजी आणि सुके जर्दाळू विकतात, तिथे वन्सं रोज जाऊन बसू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि तरीही वन्संना तिच्या सुनेविषयी सर्व माहिती मिळाली. गावात घरागणिक पाट फिरलेले असतात. वरच्या बर्फाचे पाणी पाळीपाळीने शेतांना देतात. ते बघितल्यापासून वन्सं आंघोळ अर्ध्या बादलीत आटपू लागल्या आणि आम्हालाही लावू लागल्या. सहाव्या दिवशी चिरंजीवांची भूक पूर्ण परतली. पण डॉक्टरीण म्हणाली, चांग खिंड त्याने या खेपेला करू नये.

आता उरला होता पँगाँग. यांच्या तक्त्यातला एक रिकामा चौकोन त्यासाठीच उपयोगी पडला. दुसऱ्या कलमाप्रमाणे मी मुलाजवळ थांबणार होते; हे आणि वन्सं जाणार होते. रात्री वन्संनी घोळ घातला.

"मी नाही जात. पोरगं इथं असताना मी तिकडे पाणी बघत बसू? तू जा वहिनी."

"वन्सं, सही केली आहे तुम्ही."

"सही काय ग, घरातली सही."

तेव्हा चिरंजीव पलंगावरून उठले, पिशवीतून ते विजेचे बिल काढून त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाले, "आत्या, तू गेली नाहीस तर मला बरं नसल्याचं सांगायची पुढच्या वेळी हिंमतच होणार नाही."

वन्संनी कागदाची घडी केली आणि पहाटेसाठी शाल काढून ठेवली.

पाचला गाडी निघाली. जायला पाच तास, यायला पाच. मध्ये चांग खिंड. तिथे दहा मिनिटांच्या वर थांबू नका म्हणून ड्रायव्हरला मी चारदा सांगितले होते. तांगत्सेच्या पुढे त्यांचा फोन लागेना. दिवसभर मी जर्दाळू निवडत बसले आणि मुलगा घड्याळ बघत बसला. सात वाजले, साडेसात झाले. मालकीणबाई दोनदा चहा ठेवून गेल्या. आठ वाजून गेल्यावर दारात दिवे वळले.

आधी हे उतरले, चेहरा उन्हाने तांबडा. मग वन्सं. जिन्याच्या कठड्याला धरून त्या सावकाश वर आल्या, शाल काढली, आणि खुर्चीवर बसल्या. कोणीच काही विचारेना. त्यांनी डोळे मिटून घोटभर गरम पाणी घेतले.

"डोकं?" मी विचारले. करारच होता.

"थोडं. जड आहे. दुखत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं होतं त्याहून जास्त निळं आहे ग. अर्धंच लिहिलं होतं त्यांनी." आणि मुलाकडे वळून, "तू जेवलास का रे? ताट दाखव."